सिस्टरबाई

नृसिंहवाडीला माणूस देवाचं दर्शन घ्यायला येतो हे अर्धंच खरं. बहुतेक जण बरं व्हायला येतात. कुणाच्या अंगात येतं, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाला रात्रीची झोप नाही. नृसिंहसरस्वतींनी इथं बारा वर्षं मुक्काम केला, आणि आदिलशहाच्या मुलीला इथंच दृष्टी आली म्हणून त्यानं देऊळ बांधून दिलं, ही कथा शिखर नसलेल्या त्या देवळाकडे बोट करून रिक्षावालासुद्धा सांगतो. अशा गावात ख्रिस्ती बाईनं घरच्या घरी प्रार्थना करून लोकांना बरं करायचं म्हणजे बासुंदीच्या गल्लीत ताक विकायला बसण्यातला प्रकार. पण ताकालाही गिऱ्हाईक असतं, विशेषतः बासुंदी जास्त झाल्यावर.

मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टरबाई कृष्णाकाठच्या गावांत अधूनमधून भेटतात. कॅनडाच्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून ही जात तयार व्हायला लागली. आधी प्रार्थना, मग थर्मामीटर, मग बेडपॅन. यातलं काहीही चुकवलेलं चालत नाही. नोकरी संपते, क्रम सुटत नाही. वाडीच्या सिस्टरबाई पासष्टीच्या पुढच्या. नऊवारीवाल्या आज्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना त्या "काय रे, शी झाली का?" असं भर रस्त्यात विचारू शकतात, आणि लोक उत्तर देतात.

त्यांचं पवित्र शास्त्र एकदा हातात घेऊन बघावं. काळ्या रेक्झिनचं कव्हर, त्याला रबरबँड, कारण आतला ऐवज मावत नाही. स्तोत्रसंहितेत समोरच्या काकांचा ईसीजी. ईयोबाच्या पुस्तकात पेढेवाल्याचा शुगरचा रिपोर्ट, तोही मुद्दाम तिथंच. शुभवर्तमानांत खूण म्हणून ॲस्पिरिनची रिकामी पट्टी. चारही शुभवर्तमानांत लूकचं त्यांना जास्त आवडतं, कारण लूक वैद्य होता. "मत्तय जकातवाला. त्याला काय कळतंय दुखण्यातलं?"

रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत सतरंजी पडते. येणाऱ्यांत ख्रिस्ती घरं दोन-तीनच, बाकीचे दत्ताचे. पालखी असेल त्या दिवशी उपासना लवकर आटपते, कारण अर्धी मंडळी तिकडे जायची असते आणि पेटी वाजवणारे काकाही त्यांतच असतात. गाणी 'उपासना संगीत'मधली. नारायण वामन टिळकांचं पद आलं की काका आपोआप अभंगाच्या ठेक्यात शिरतात, मागून टाळ निघतात, आणि अनोळखी माणसाला इथं नेमकं कुणाचं भजन चाललंय याचा पत्ता लागत नाही.

मग प्रार्थना. ती बोलीत नसते. मिरजेचा वॉर्ड आणि जुनं शास्त्र यांच्या मिश्रणातून आलेली ती भाषा आहे. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही नम्र होऊन तुझ्या चरणांशी... अगं दूध बघ, उतू चाललंय... आलो आहोत." डोळे मिटलेलेच. त्यानंतर आळीचं वार्तापत्र सुरू होतं. "कोपऱ्यावरच्या वहिनींना मूळव्याधीतून मोकळं कर. त्यांच्या थोरल्याला रात्री गाडी इतक्या जोरात मारू नये अशी सद्बुद्धी दे. आणि प्रभू, इथं बसलेल्यांपैकी एकानं परवापासून बीपीची गोळी घेतलेली नाही. तो कोण, हे तुला ठाऊक आहे." तो कोण, हे आता सतरंजीवर सगळ्यांनाच ठाऊक होतं. आमेनच्या आधी गोळी पोटात जाते.

चमत्कारावर त्यांचा राग आहे. चंगाई सभेला एकदा गेल्या होत्या. तिथं एकानं "मला दिसायला लागलं!" म्हणून चष्मा फेकला. बाईंनी तो उचलला, पदरानं पुसला आणि घरी जाताना त्याच्या खिशात घातला. "उद्या एसटीचा बोर्ड कोण वाचणार?" पुराचं पाणी पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की अख्खं गाव दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोटतं. बाई काठावर उभ्या राहून कुणाच्या पायाला जखम आहे ते हेरत असतात आणि दिसला की हाक मारतात. पुण्य आड येत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र त्याच दिवशी घ्यायचं.

मग बरं करतात तरी काय? तर एकच करतात, आणि त्यातच त्यांचं सगळं ख्रिस्तीपण आहे, असं माझं मत. घरात ज्यांचा अबोला आहे त्यांच्यासाठी त्या वेगवेगळी प्रार्थना करत नाहीत. सासूचं डोकं दुखतंय? सुनेला घेऊन या. दोघी एका सतरंजीवर बसतील तेव्हाच तोंड उघडणार. त्यांचा लाडका दाखला पेत्राच्या सासूचा. ती तापानं पडली होती, येशूनं घरात जाऊन तिचा हात धरून उठवलं आणि ती लगेच सगळ्यांना वाढायला लागली. हा दाखला सुनांना फार पटतो. "बघा सासूबाई, ताप उतरल्या उतरल्या!" सासवा म्हणतात, त्या घरात सून कुठं होती ते आधी सांगा. भांडण पेत्राच्या घरावरून पेटतं, आपलं घर बाजूला राहतं, आणि चहा होईपर्यंत दोघी एका बाजूला, बाई दुसऱ्या. डोकं दुखायचं राहतं की नाही कोण जाणे. बोलणं सुरू होतं.

आता खोड. या बाई स्वतः मिरजेच्या जावेशी बोलत नव्हत्या. नाताळच्या गाण्यांत पेटी कुणी वाजवायची यावरून फाटलं होतं. प्रार्थनेत मात्र तिचा उल्लेख रोज, "मिरजेच्या त्या बहिणीला पश्चात्ताप होऊ दे." एका संध्याकाळी समोरची सून, जिला बाईंनीच सासूशेजारी दाबून बसवलं होतं, मध्येच म्हणाली, "सिस्टरबाई, आधी फोन लावा. मग आमेन."

सतरंजी गप्प. पेटीवाल्या काकांनी भाता सोडला. बाईंनी चष्मा लावला, नंबर शोधला, फोन लागला. क्षमा, पश्चात्ताप यांतलं अक्षर निघालं नाही. "थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतीस का चहाबरोबर?... चहाबरोबर? अगं, मग लागू कशी पडंल?" पुढं पाऊण तास. उपासना त्या दिवशी झालीच नाही, आणि काकांची पालखीही चुकली.

वाडीला आलात आणि त्यांच्याकडे जाणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी, चालू गोळ्या आणि जुने रिपोर्ट बरोबर ठेवा. आणि घरात कुणाशी बोलत नसाल तर ते तिकडेच मिटवून या; त्यांच्यापुढं लपत नाही, आणि फोन तुमच्याच मोबाइलवरून लावावा लागतो.