दोनचे जहाज, पाचची पहाट

शिरढोणहून मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर सहलीचे जहाज गाठावयाचे झाल्यास घरातून केव्हा निघावे, या गहन प्रश्नावर शेजारच्या कुटुंबात तीन रात्री खल चालला; आणि जहाज संध्याकाळी सुटणार, चढण्यासाठी दुपारी दोनची वेळ मुक्रर, हे दस्तऐवजी सत्य समोर असूनही अण्णांनी पहाटे पाचचा हुकूम सोडला. "अण्णा, दार दोनला उघडतं," असे सूनबाईंनी नम्रपणे सुचविताच, "जहाज म्हणजे काय पनवेलची एसटी आहे, मागून दुसरी यायला?" या एका प्रश्नाने तो अर्ज खारीज झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या, जवळपास २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूने वाचविलेला वेळ जातो कोठे, याचा उलगडा मला तेव्हा झाला: धक्क्यासमोरच्या पदपथावर, पेटीवर बसून, गार थालीपीठ खाण्यात तो सव्याज खर्ची पडतो.

याच शिरढोण गावात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेल्या क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांना १८८० साली एडनच्या जहाजावर चढविले, तेव्हा वेळेची सारी तजवीज सरकारनेच केली होती. परतीची मात्र केली नव्हती, आणि १८८३ मध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला. त्या पहाटे निघताना त्यांच्या स्मारकापाशी अण्णांनी भक्तिभावाने हात जोडले, आणि ते सुटण्यापूर्वीच नजर मनगटावरील घड्याळाकडे वळविली.