नऊची शाळा, बाराची नीज

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये जीआर काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. कारण काय, तर मुलांची झोप पुरी होत नाही. त्याच्या दोनच महिने आधी तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी हा विषय काढला होता. राजभवनाला जनतेच्या झोपेची काळजी वाटावी, ही मोठीच प्रगती. 2019 च्या नोव्हेंबरात याच वास्तूतल्या पहाटेच्या शपथविधीने अख्ख्या महाराष्ट्राची झोपमोड केली होती.

जीआर निघताच सगळे खडबडून जागे झाले. शाळा म्हणाल्या, दोन सत्रांचं गणित कसं बसवायचं? व्हॅनवाले काका म्हणाले, फेऱ्या कोलमडतील. नोकरदार आईबाप म्हणाले, नऊपर्यंत पोराला बघायचं कोणी? सगळ्यांचे मुद्दे रास्त. पोर रात्री किती वाजता झोपतं, एवढं मात्र कोणी विचारलं नाही. ते शाळेच्या वेळापत्रकात नव्हतं, घरात होतं.

तर घरात जाऊ. डोंबिवली, रात्रीचे दहा चाळीस. दुसरीतले चिरंजीव सोफ्यावर उलटे लटकलेले. आजींची मालिका संपली आहे, पण उद्याच्या भागात काय होणार हे बघायचं बाकी आहे. बाबा मोबाईलवर रील बघताहेत, आवाजासकट. आई एका हाताने गवार मोडत, दुसऱ्या हाताने ऑफिसच्या ग्रुपवर ‘नोटेड’ लिहीत, मान वर न करता म्हणते, "झोप रे आता." हे वाक्य नऊपासून पाचव्यांदा आलेलं असल्यामुळे चिरंजीव ते पंख्याच्या आवाजात जमा करतात. मग त्यांना तहान लागते. मग शू लागते. आणि अकराला पाच कमी असताना आठवतं, "आई, उद्या चार्ट पेपर न्यायचाय. निळा."

दहा मिनिटांत घरपोच देणारं ॲप असल्यावर काळजी कसली? चार्ट पेपर येतो. मागवतोच आहोत तर म्हणून आइस्क्रीमही येतं. साडेअकराला सगळं कुटुंब ते खात असतं आणि आजी कौतुकाने म्हणतात, "बघा, याला झोपच येत नाही!"

या घरातल्या बाबांना 7.42 ची फास्ट मिनिटासकट पाठ. गाडी तीन मिनिटं उशिरा आली तर रेल्वेचा उद्धार. पण मुलगा कधी झोपतो म्हणून विचारा. "झोपतो की… दहा, साडेदहा… कधी बारा. तसं काही फिक्स नाही."

हे जे फिक्स नसणं आहे ना, खरी गोम तिथेच आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये ब्रिटनमधल्या दहा हजारांवर मुलांची माहिती तपासली. वयाच्या तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या वर्षी ही मुलं ठरल्या वेळी झोपतात का, हे पाहिलं. ज्यांची झोपायची वेळ रोज वेगळी, त्यांच्या वागण्याबद्दल आई आणि शिक्षक दोघांच्याही तक्रारी जास्त. अशी जितकी वर्षं जास्त गेली, तितका त्रास वाढलेला. शरीरात एक घड्याळ आहे, ते उजेड-अंधारावर आणि रोजच्या रिवाजावर चालतं. त्याचे काटे रोज कोणी पुढेमागे केले तर विमानात न बसता जेटलॅग होतो.

हिशेब करून बघा. एरवी दहाला झोपणारा मुलगा शुक्रवारी साडेअकराला झोपला, म्हणजे शरीराने दुबईला पोचला. शनिवारी लग्नाच्या हळदीत साडेबारा वाजले, म्हणजे सौदी. रविवारी रात्री त्याने डोंबिवलीत परत यावं अशी आपली अपेक्षा, आणि सोमवारी सकाळी मोजा घालताना तो भोकाड पसरतो तेव्हा आपण म्हणतो, "हल्लीची मुलं फार हट्टी!" मग त्याची दृष्ट काढली जाते, त्याला ब्राह्मीचं सिरप सुरू होतं, एकाग्रतेसाठी अबॅकसचा क्लास लागतो. क्लासची वेळ अर्थातच संध्याकाळी साडेसात ते नऊ.

मोठ्यांचं काय? बाबांच्या मनगटावर घड्याळ आहे, ते सकाळी झोपेचे गुण देतं. 61 आले की ते दिवसभर दमलेले असतात, 85 आले की ताजेतवाने. साठ हजारांवर ब्रिटिश प्रौढांच्या मनगटाला असंच यंत्र बांधून केलेला अभ्यास सांगतो, की किती तास झोपलात यापेक्षा रोज त्याच वेळी झोपता-उठता का, यावरून मृत्यूच्या धोक्याचा अंदाज जास्त नीट येतो. रविवारी दुपारपर्यंत लोळून आठवड्याची उधारी चुकती करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

सरकारचंही एक गमतीचं आहे. वयात येताना मुलांचं घड्याळ निसर्गतःच मागे पडतं, त्यांना झोपच उशिरा लागते. म्हणून कॅलिफोर्नियात 2022 पासून हायस्कुलं साडेआठच्या आत भरत नाहीत. आपल्याकडे सवलत चौथीपर्यंत. ज्याला पहाटे उठणं सर्वांत जड, तो नववीतला दादा सकाळच्या सत्रात सातच्या ठोक्याला प्रार्थनेत उभ्याउभ्या पेंगतो, आणि सर मोबाईलचं नाव घेऊन त्याला रागावतात. लोकांची झोपमोड होऊ नये म्हणून लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा कायदाही आहेच. सणासुदीला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. वरातींनी ती उरलेल्या दिवसांनाही लागू करून घेतली आहे.

लंडनच्या त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र आईबापांच्या सोयीची आहे. ज्या घरांनी मध्येच शहाणं होऊन मुलांची झोपायची वेळ ठरवली, त्या मुलांचं वागणं सुधारलं. त्याला ना जीआर लागला, ना सिरप, ना फी. तेव्हा पालकहो, नऊ ठरवा, साडेनऊ ठरवा, पण शनिवारीही तीच ठेवा. आणि चार्ट पेपरचं संध्याकाळी सहालाच विचारून घ्या.