आबाजी शालीत, गाडी रजईत!

ऐकलंत का वहिनी? नाही? मग बसा, चहा ठेवते, ऐकण्यासारखं आहे.

गोंदियात पारा सात-आठ अंशांवर उतरला की पूर्वी माणसं कुडकुडायची. आता गाड्या कुडकुडतात म्हणे! पेट्रोलवाल्या बिचाऱ्या अंगणात दव खात उभ्या आणि विजेवाली महाराणी थेट बैठकीत, अंगावर रजई पांघरून. आबाजींनी विचारलं, ‘बाप्पा, माझी रजई कुठं गेली?’ तर नातू म्हणतो, ‘आबाजी, तिची वॉरंटी आहे!’ आता रजई ऊब धरून ठेवते, तयार करत नाही. रात्रभर थंड उभ्या गाडीत धरायला ऊब आहेच कुठे? पण सांगायचं कुणी!

पलीकडच्या गल्लीत तर बॅटरी काढून पलंगाशेजारी निजवतात. घरवाली फुगून बसली आहे. आणि एका महाभागानं गाडीजवळ शेकोटी पेटवली! वहिनी, हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. बॅटरीजवळ विस्तव म्हणजे घर जाळायची तयारी.

परवा एक जण झाडीपट्टीच्या नाटकाला गेले, गोरेगावकडच्या गावात. नाटक संपलं पहाटे, ऐन गारठ्यात. रेंज भराभर उतरली आणि साहेबांनी शेवटचा रस्ता गाडी ढकलत कापला. जयस्तंभ चौकात दुसऱ्या दिवशी हीच चर्चा. पण दोष एकट्या बॅटरीचा नाही हो. थंडीत तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून रेंज घटते, हे खरं. पण तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवाही साधारण एक पीएसआयनं कमी होते. दिवाळीआधी भरलेल्या हवेवर जानेवारीत फिरायचं आणि शिव्या बॅटरीला!

अन् तोरा केवढा! ‘आमची गाडी धूर सोडत नाही.’ सोडत नसेल. पण आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं वीज केंद्र कोळसा जाळतंय, ते विसरलात वाटतं?

खरं सांगू? लिथियम-आयन बॅटरीला मोठा धोका शून्याखाली चार्ज करण्याचा. तेव्हा आत लिथियम धातूचा थर साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. लेहमध्ये कुणी गाडीचे असे लाड केले तर समजू; आपला पारा कुठं शून्यावर जातो? इथल्या थंडीत घटलेली रेंज ऊन पडलं की परत येते. पंधरा दिवस गावी जायचं असेल तर बॅटरी साधारण निम्मी भरून ठेवा. काठोकाठ नको, रिकामी तर मुळीच नको.

पण खरा चावटपणा पुढेच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की हीच लाडकी टिनाच्या शेडखाली भाजत पडते, आणि उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लागते. तेव्हा कुणाला दया येत नाही! बॅटरी लवकर म्हातारी होते ती या उष्णतेनं. म्हणून म्हणते, कौतुक करायचंच असेल तर ते मे महिन्यासाठी राखून ठेवा. गाडी सावलीत लावा, बॅटरी निवू द्या आणि मगच चार्जर जोडा.