अटी लागू

‘शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आमच्या सोसायटीतल्या काकांना ऐकवून उपयोग नाही. मी एकदा ऐकवली. ते म्हणाले, “मांडवाचाही विमा निघतो. फक्त आग आपण स्वतः लावलेली नको.”

पोरं त्यांना मागून ‘अटीलागू काका’ म्हणतात. हे काकांना ठाऊक आहे, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नाही. काका विम्याचे एजंट नाहीत. नव्या भाडेकरूंचा मात्र तसा समज होतो आणि ते दार उघडत नाहीत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ एका पैशाचं कमिशन न घेता घरोघरी आग, पूर आणि भूकंप पोचवून येतो. बाल्कनीत आपल्याला फुललेला मोगरा दिसतो. काकांना कठड्यावरची कुंडी दिसते आणि बरोबर तिच्याखाली लावलेली कुणाची तरी गाडी. माणसं वाचणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्याने याचं मूळ १९६१ च्या पानशेतच्या पुरात शोधलं होतं. लहानपणी पाहिलेला विध्वंस वगैरे. पण पानशेत फुटलं तेव्हा काका सात वर्षांचे होते आणि दापोलीजवळच्या आपल्या गावी आजीच्या मांडीवर कोरडेठाक बसले होते.

आमच्या वास्तुशांतीला ते आले. हातात फुलपुडी, तोंडावर हसू. मला वाटलं, आज तरी वाचलो. तेवढ्यात होमाकडे बघत म्हणाले, “घराचा विमा उतरवलास?”

“हो काका. कर्ज देतानाच बँकेने काढून दिलाय.”

“कागद आण.”

होम सोडून मी कागद आणला. काकांनी चष्मा वर करून दोन पानं वाचली. “हा घराचा नव्हे, तुझा आहे. तू गेलास की कर्ज फिटेल. घर गेलं आणि तू राहिलास, तर हप्ते भरत बसशील.” हे सगळं भटजी, माझी बायको आणि माझ्या सासूबाई यांच्यासमोर. सासूबाईंनी त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा शिरा वाढला नाही.

पण काकांचं म्हणणं बरोबर निघालं, आणि हीच त्यांची खोड आहे. पुढच्या आठवड्यात मी फॉर्म घेऊन बसलो. फ्लॅट नव्वद लाखांना घेतलेला, म्हणून मी नव्वद लाख लिहिले. काकांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. “जमीन जळते का? शाळा जवळ आहे, ती जळते का? पुन्हा बांधायला काय लागेल तेवढंच धरायचं. कार्पेट किती?” साडेसहाशे फूट, मी म्हणालो. “गुणिले अडीच हजार. सव्वासोळा लाख.” आपलं घर सव्वासोळा लाखांचं आहे हे ऐकून बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. “आणि सोसायटीने इमारतीचा उतरवलाय म्हणून निर्धास्त राहू नकोस,” काका जिन्यातून ओरडले, “तुझा फ्रिज सोसायटीचा नाही!”

त्यांच्या स्वतःच्या घरात काय आहे याची चित्रफीत त्यांच्याकडे आहे. दर दिवाळीत, फराळ व्हायच्या आत, ते मोबाइल धरून खोल्याखोल्यांतून फिरतात. कपाटं उघडायची, टीव्हीचा मागचा नंबर दाखवायचा, किंमत मोठ्याने सांगायची. एक प्रत मुलाकडे बंगळुरूला जाते. घर जळालं तर घरातला पुरावा घराबरोबरच जातो, असं त्यांचं साधं म्हणणं. मला त्यांनी ती दाखवली आहे. स्वयंपाकघराच्या भागात काकूंचा आवाज स्पष्ट येतो : “आधी चकलीचं भांडं घासू दे, मग घ्या काय घ्यायचंय ते.”

काकांची गाडी ओळखायची खूण म्हणजे डाव्या दारावरचा पोचा. एका टेम्पोने आठ वर्षांपूर्वी दिलेला. सोसायटीला तो कंजूषपणा वाटतो, काकांना ती गुंतवणूक. पोच्यावर कुणी बोट ठेवलं की ते हिशोब मांडतात. दुरुस्तीला साडेतीन हजार. पहिले हजार मालकाच्याच खिशातून, राहिले अडीच. आणि त्या अडीच हजारांसाठी क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर. पाच वर्षं मागणी केली नाही तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट मिळते, ती सूट काकांनी पोटच्या पोरासारखी वाढवली आहे. जुनी गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने विचारलं, बोनस आहे ना? काका म्हणाले, “गाडी विकली. बोनस माझा.” तो मालकाचाच असतो, हे खरं आहे. नव्या गाडीच्या शोरूममध्ये तो सूट म्हणून पदरात पडेपर्यंत त्यांनी चावी घेतली नाही. पेढे वाळून गेले.

‘फुल इन्शुरन्स आहे’ असं त्यांच्यासमोर म्हणू नये. मी म्हणालो होतो. “फुल काही नसतं. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी, तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. बाकीचं तुझं. त्यातही बंपर प्लास्टिकचा, त्याला निम्मेच मिळणार. झिरो डेप घेतलायस?” मी आवंढा गिळला.

तरी २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र काकांची होती. पुण्यात आंबील ओढा चढला आणि आमच्या खालच्या पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी आलं. लोक चाव्या घेऊन धावत सुटले. लुंगी वर खोचून, हातात टॉर्च घेऊन काका जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे, आणि ओरडतायत, “कुणी चावी लावायची नाही! पाणी ओसरलं की ओढून न्यायची!” पाण्यात इंजिन सुरू केलं की पाणी आत ओढलं जातं, आणि मग कंपनी म्हणते, ही पुराची हानी नव्हे, तुमची करणी, वेगळं इंजिनाचं कवच घेतलं नसेल तर बसा. दुसऱ्या मजल्यावरच्या एका इंजिनिअरने चावी लावलीच. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. पुढे इंजिनाचं बिल त्यालाच भरावं लागलं. काकांनी त्याला कधी ऐकवलं नाही. फक्त तो लिफ्टमध्ये भेटला की ते हळूच मान हलवत.

आता काकांच्या कोकणप्रेमाबद्दल. गावी त्यांचं कौलारू घर आहे, एरवी बंद. वर्षानुवर्षं काका दर महिन्याला एसटीने गावी जायचे, एक रात्र राहायचे आणि परत यायचे. मुंज असो, मॅच असो, गुडघे दुखत असोत. काकूंना वाटे, कुलदैवताची ओढ. आम्हाला वाटे, मातीची. एकदा मी त्यांचं कॅलेंडर पाहिलं. एकोणतिसाव्या दिवसाला लाल गोल होता. त्या घराच्या जुन्या आगविम्याच्या कागदात अट होती : घर सलग तीस दिवसांहून अधिक रिकामं राहिलं तर संरक्षण संपतं, कंपनीची आधी लेखी संमती घेतली नसेल तर. काका दर महिन्याला कोकणात जाऊन मोजणी पुन्हा एकवर आणत होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. एसटी बंद. काकांचा चेहरा बघवत नव्हता. मोजणीच्या एकविसाव्या दिवशी त्यांनी कंपनीला ईमेल लिहिलं, देशभरातली परिस्थिती, स्वतःचं वय आणि कलमाचा आकडा घालून, आणि रोज स्मरणपत्र. अठ्ठाविसाव्या दिवशी संमतीचा कागद आला. त्याची प्रिंट काढायला त्या दिवसांत पुण्यात एकही दुकान उघडं नव्हतं, म्हणून त्यांनी तो अक्षरशः हाताने उतरवून फाइलला लावला.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. रायगडाच्या किनाऱ्यावर थडकलं आणि दापोली, मंडणगडलाही झोडपून गेलं. काका-काकू ई-पास काढून गेले. अर्धं छप्पर उडालेलं, वासे मोडलेले, माजघरात कौलांचा चुरा. भावकीतले लोक मदतीला झाडू घेऊन आले, तर काकांनी त्यांना अंगणातच थांबवलं. आधी फोटो. चारी बाजूंनी, मग आतून. मग वरून ताडपत्री, कारण आणखी भिजू न देणं हे आपलं काम. ताडपत्रीची पावती खिशात. दहा दिवस चुऱ्याला कुणाला हात लावू दिला नाही. काकू चुलत दिरांच्या पडवीत स्वयंपाक करत होत्या आणि काका चुऱ्याला पहारा देत होते.

सर्वेअर म्हणजे पंचविशीतला पोरगा, चिखलाने भरलेल्या बुटांचा. काकांनी त्याला फाइल दिली. त्याने ती दोनदा चाळली आणि विचारलं, “काका, तुम्ही याच लाइनमधले का?” काकांच्या आयुष्यातला हा पहिला क्लेम. एकतीस वर्षं हप्ते भरले होते. यापूर्वीचे दावे, असं त्याने विचारल्यावर काकांनी खुर्चीतून उठून उभं राहून “नाहीत” असं सांगितलं, म्हणे.

छप्पर, वासे, भिंत मोजून झाली. पोरगा मागच्या दारी गेला आणि थबकला. “झाडं बरीच गेलीत.”

“ती यात धरत नाहीत,” काकाच म्हणाले.

“माहितेय. सहज विचारलं.”

काकांनी सांगायला सुरुवात केली. नारळ सात. पोफळी चाळीसच्या वर, पडल्यात त्या मोजता आल्या नाहीत. एक फणस, कापा, आजीने लावलेला. त्याच्या गऱ्यांवर गावातली तीन घरं दर उन्हाळ्यात भांडायची. पोराने पेन कधीच खिशाला लावलं होतं. तो ऐकत उभा राहिला. काका बराच वेळ बोलत होते.

हे मला काकूंनी सांगितलं. काकांकडून मी त्या वादळाची हकीकत चार वेळा ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी ती एकाच ठिकाणी संपते : ताडपत्रीची पावती धरली.