आधी गावाला सांगा!

डिसेंबर २०२१ मध्ये आपला बीड जिल्हा जगभर गाजला. माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावात वानरांनी सूड म्हणून अडीचशे कुत्री मारली, अशी बातमी सातासमुद्रापार छापून आली. मोबाईलवर विनोदांचा पूर आला. नागपूरहून वनखात्याचं पथक आलं, दोन वानरं पकडून घेऊन गेलं आणि विषय मिटला.

लऊळच्या माणसांशी जे बोलले, त्यांना वेगळंच ऐकायला मिळालं. वानर कुत्र्याचं पिल्लू उचलायचं, झाडावर नाहीतर माडीवर न्यायचं आणि तिथंच सोडून द्यायचं. काही पिल्लं वरून पडून मेली, काही उपाशी मेली. अडीचशेच्या आकड्यामागं कुणाची मोजदाद नव्हती. वानर मुळात पानं-फळं खाणारं जनावर. सुडाची गोष्ट माणसांनी रचली आणि माणसांनीच पसरवली.

आता माझा प्रश्न. जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत, एमएस्सीची मुलं आहेत, पीएचडीचे मार्गदर्शक आहेत. आठ दिवस लऊळच्या पारावर बसून, कळप पाहून, गावकऱ्यांना आणि पत्रकारांना चार वाक्यांत खरं काय ते सांगणारा एक विद्यार्थी तेव्हा पुढं यायला हवा होता. आला असेल, तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला नाही. रान आपलं, गाव आपलं, आणि गोष्ट सांगितली भलत्यांनीच.

घाटनांदूरच्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. रेल्वेनं अंबाजोगाईला जाणारा माणूस इथंच उतरतो. चहूबाजूंनी बालाघाटाचे डोंगर, हिवर-बाभळीचे माळ, खाली सोयाबीन. अभ्यासाला याहून चांगली प्रयोगशाळा कुठली?

आणि हा अभ्यास ऐच्छिक राहिलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला. २००४-०५ पासून पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा विषय सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या इराच भरुचांनी. शंभरातले पंचवीस गुण क्षेत्रकामाला होते. आपल्या परिसरातलं तळं, डोंगरउतार, गवताळ माळ पाहा, झाडं-पाखरं-किडे यांची नोंद करा, असं अभ्यासक्रमातच लिहिलेलं होतं. आपण काय केलं? झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणला, नाव बदललं, जाड पुठ्ठा लावला आणि जमा केला. वीस वर्षांत एकेका गावातून शेकडो मुलं पदवीधर झाली. त्यातल्या निम्म्यांनी जरी आपल्या शिवाराची खरी नोंद केली असती, तर आज गावागावात सोन्यासारखा ऐवज असता. तो आपण रद्दीत घातला. याला माफी नाही.

काही मुलं मात्र खरंच काम करतात. राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते. खेड्यातली मुलगी पोस्टरपुढं उभी राहून परीक्षकांना न घाबरता उत्तरं देते, हे पाहून ऊर भरून येतो. माझं भांडण स्पर्धेशी नाही, क्रमाशी आहे. संशोधन आधी परीक्षकाला कळतं, मग फायलीत जातं, आणि ज्याच्या बांधावर ते झालं त्याला कधीच कळत नाही. विज्ञानाची पोस्टरं बहुतेक इंग्रजीत. बांधाचा मालक ती वाचणार कसा?

तरोट्याचं घ्या. पहिले दोन पाऊस झाले की बांधावर, रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. फुलं यायच्या आत कोवळी पानं खुडायची, लसूण-मिरचीची फोडणी द्यायची, वरून शेंगदाण्याचं कूट, सोबत भाकरी. बायकांना एवढंच माहीत नसतं. कुठल्या बांधावरचा तरोटा घ्यायचा आणि कुठला नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं, कारण शेजारच्या सोयाबीनवर तणनाशक कधी मारलं ते त्यांनी पाहिलेलं असतं. घोळ, कुर्डू, पाथरी या रानभाज्या कुठल्या वावरातून कधी दिसेनाशा झाल्या, हे गावातल्या चार म्हाताऱ्या एका संध्याकाळी सांगतील. पोस्टरवर ‘सेना टोरा’ हे शास्त्रीय नाव येतं, कूळ येतं, औषधी उपयोग येतात. म्हातारीची ही नोंद येत नाही. खरं संशोधन तर तेच होतं.

उलट्या बाजूनंही पाहा. बालाघाटचं सीताफळ आपला अभिमान. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईत सीताफळ संशोधन केंद्र आहे. पण सीताफळाला फळ धरतं कसं, हे किती बागायतदारांना कुणी सांगितलं? सीताफळाचं फूल आधी मादी असतं, नंतर नर होतं. त्यामुळं स्वतःचा पराग त्याच्या स्वतःच्या कामी येत नाही. एका फुलातला पराग दुसऱ्यात नेण्याचं काम करतात बारीक भुंगेरे, तांदळाच्या दाण्याहून लहान. फुलाच्या जाड पाकळ्यांच्या आत शिरून बसतात. फुलोऱ्यात सरसकट फवारणी केली की हे भुंगेरे मरतात आणि फळधारणा घटते. एखाद्या विद्यार्थ्यानं बागेत उभं राहून, फूल उघडून, आतला भुंगेरा शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवला तर ‘जैवविविधता’ हा शब्द उच्चारायची गरजसुद्धा पडणार नाही. त्या माणसाला त्याच्या उत्पन्नाची गोष्ट कळलेली असते.

पोरांनी एक गोष्ट मात्र गाठीला बांधावी. ज्याचं उगवलेलं सोयाबीन हरणांनी खाल्लंय, रानडुकरांनी भुईमूग उकरलाय, जो रात्र-रात्र जागली करतोय, त्याच्यापुढं ‘वन्यजीव वाचवा’ म्हणून उभं राहू नका. आधी त्याचं नुकसान लिहून घ्या. भरपाईचा अर्ज कुठं आणि कसा द्यायचा ते समजून घ्या, त्याला भरून द्या. मग तो तुमचं ऐकेल. नाही ऐकलं तरी चूक त्याची नाही.

संशोधन गावापर्यंत नेणं होतं, होऊ शकतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी पीएचडीच्या काळात तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांचा अभ्यास केला. २०१३ साली छापून आलेले त्यांचे आकडे सांगतात की उसाच्या, दाट वस्तीच्या त्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आणि जवळपास तेवढीच तरसं राहत होती. बिबट्या पकडून दुसरीकडं सोडला की हल्ले वाढू शकतात, हेही त्यांच्या जुन्नरच्या कामातून पुढं आलं. त्या लेख छापून थांबल्या नाहीत. गावात बोलल्या, वनखात्याशी बोलल्या, मुंबईत पत्रकारांबरोबर बसल्या. २०२० च्या नोव्हेंबरात आपल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा लोक भीतीनं शेतात जाईनात. अशा वेळी गावाला घाबरवणारे शंभर असतात. समजावणारा एक लागतो, आणि तो आधीपासून गावाच्या ओळखीचा लागतो.

गावाशी बोलायचं कसं, हे मारुती चितमपल्लींकडून शिकावं. जून २०२५ मध्ये ते गेले. वनाधिकारी असूनही पारध्यांकडून, आदिवासींकडून शिकले, त्यांचं ज्ञान त्यांचं म्हणून सांगितलं आणि मराठीत लिहिलं. आपल्या भागातल्या पारधी माणसाला तित्तिर, लावे, ससे यांच्याबद्दल जे ठाऊक आहे, ते विचारायला एकही विद्यार्थी जात नसेल तर ती शरमेची गोष्ट आहे. जाताना त्याच्याकडं संशयानं पाहू नये. त्याचं नाव त्याला विचारून नोंदवावं.

आणि नोंद ठेवायला जागा कायद्यानं दिलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी आयुष्यभर आग्रह धरला तो याच लोकांनी लिहायच्या वहीचा. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली, न पाळल्यास राज्याला महिना दहा लाख दंड ठरवला, आणि मग नोंदवह्या घाईनं भरल्या गेल्या. ज्या कामाला सगळे हंगाम पाहावे लागतात ते काही आठवड्यांत उरकणं ही गावाची फसवणूक आहे. या वह्या पुन्हा उघडाव्यात आणि महाविद्यालयातल्या मुलांकडून, जाणत्यांना शेजारी बसवून, नव्यानं लिहून घ्याव्यात.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभेचे हे दिवस ठरलेले आहेत. घाटनांदूरच्या सरपंचांना आणि प्राध्यापकांना विनंती आहे की येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘विद्यार्थ्यांचा शिवार अभ्यास’ हा एक विषय घ्या, पंधरा मिनिटं द्या, मुलांना मराठीत बोलू द्या आणि गावाला त्यांच्या चुका काढू द्या. पोस्टर त्यानंतर करा. आणि वाचकहो, तुमच्या घरात पदवीला असलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर यंदाचा पर्यावरणाचा प्रकल्प जमा होण्याआधी मागून घ्या, वाचा. त्यात तुमच्या शिवारातलं एकही झाड नसेल तर परत द्या आणि सांगा, पुन्हा लिही.