दमाचा जमाखर्च

व्यायाम करणे आणि व्यायामाचा अभ्यास करणे या दोन सर्वस्वी भिन्न वृत्ती असून त्या एकाच देहात सुखाने नांदल्याचे उदाहरण आमच्या वर्गात तरी विरळाच होते. विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गासाठी ‘व्यायामाचे शरीरक्रियाविज्ञान’ हा विषय मी घेतला, तेव्हा आमच्या तात्यांनी ‘‘म्हणजे शेवटी ड्रिलमास्तरच ना रे?’’ एवढाच शेरा मारून अर्जावर सही ठोकली. आणि दूध, बदाम व बैठका यांपलीकडचे सारे शास्त्र पोटार्थी मंडळींनी रचलेले थोतांड आहे, असे मानणारे आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद ‘‘बैठका किती काढता तिथं?’’ असे विचारून, माझे उत्तर ऐकताच, दुसऱ्या पोराला जोर काढायला सांगू लागले.

वस्तादांना ठाऊक नसेल, पण या शास्त्राच्या आद्य आचार्यांनी स्वतःच्याच देहाला वेठीस धरले होते. स्नायूंचे इंधन म्हणजे प्रथिने, असा लीबिग या थोर जर्मन रसायनज्ञाचा सिद्धान्त. त्याची शहानिशा करण्यासाठी झुरिकचे आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक १८६५ साली आल्प्समधील फाउलहॉर्न हे शिखर चढून गेले. आदल्या दिवसापासून प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य. आहार म्हणजे पिष्टाच्या, चरबीत तळलेल्या टिकिया आणि गोड चहा. आणि वाटेत जे मूत्र होईल ते थेंब न सांडता जमा करावयाचे! त्या मूत्रातील नत्राच्या हिशेबाने असे सिद्ध झाले, की देहात जळालेली प्रथिने एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्यास मुळीच पुरेशी नव्हती. हिमाच्छादित शिखरांच्या सान्निध्यात, सृष्टीची शोभा पाहावी की बाटल्या सांभाळाव्या अशा धर्मसंकटात सापडलेल्या त्या दोन विद्वानांविषयी मला आजही अपार आदर वाटतो. आपल्याकडे डोंगर चढणारा निदान देवाच्या नावाने चढतो.

त्यानंतरचे महापुरुष म्हणजे ए. व्ही. हिल. १९२२ सालचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले ते हे गृहस्थ, मँचेस्टरला असताना, सोडलेला श्वास साठविण्याची पिशवी पाठीवर बांधून हिरवळीवर फेऱ्या मारीत, आणि मिनिटाला सुमारे ४ लिटर प्राणवायू खर्ची टाकीत. स्वस्थ बसलेला मनुष्य दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर घेतो, असे धरण्याचा प्रघात आहे. त्या दराने, हिलसाहेबांचा निबंध पुढ्यात घेऊन वाचनालयात डुलक्या घेणाऱ्या माझ्यासारख्या साठ किलोच्या विद्यार्थ्याचे भागभांडवल अवघे २१० मिलिलिटर. जोराच्या धावण्यात देह उत्पन्नापेक्षा अधिक खर्च करतो आणि थांबल्यावर धापा टाकीत ती बाकी चुकती करतो, हे हिल यांचे ‘प्राणवायूचे कर्ज’. या कर्जाच्या मुळाशी लॅक्टिक आम्ल आहे असा त्यांचा ग्रह होता, आणि त्यामुळे त्या बिचाऱ्यावर पुढे अर्धशतकभर थकव्याचा आणि अंगदुखीचा ठपका राहिला. वस्तुतः श्रम संपल्यावर तासाभराच्या आसपास त्याची पातळी पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ज्या मांड्या बोंबलतात त्यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. १९८०च्या दशकात हिल यांची ती खतावणी चुकीची ठरली, आणि हृदय व इतर स्नायू या आरोपीचेच इंधन करतात हे सर्वमान्य झाले. व्यायामशाळांपर्यंत मात्र हा निकाल अद्याप बजावला गेलेला नाही.

आमच्या प्रयोगशाळेत पिशवीच्या जागी यंत्र होते. तोंडात रबरी बोळा, नाकाला चिमटा, छातीवर तारा, आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढविणारा पट्टा. बोळ्यामुळे गिळण्याची सोय नसल्याने लाळेची धार हनुवटीवरून गळ्यातल्या पंचावर उतरत असे, आणि भोवती उभे असलेले सहाध्यायी, ‘‘अजून एक मिनिट! सोडू नकोस!’’ असे ओरडत असत. इतक्या सरंजामानंतर सर पुढे काय करीत, तर एक पुठ्ठा धरून विचारीत, ‘‘किती जड वाटतंय? बोट ठेवा.’’ गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ती ६ ते २० अंकांची श्रेणी. अंकाला दहाने गुणले की सुमारे नाडीचे ठोके मिळावेत, अशी तिची मूळ योजना. बोर्ग यांनी ती स्वीडनमध्ये बसून केली असल्याने कोल्हापूरचा माणूस त्यांच्या हिशेबात नसावा. आमच्या वर्गातला पैलवान, नाडी १९० वर गेली आणि मांड्या लटपटू लागल्या तरी, ११ या अंकावरून बोट हलवीना. ‘जड’ म्हणणे म्हणजे घराण्याला बट्टा! खाली उतरल्यावर, खुर्चीचा हात घट्ट धरून, ‘‘कुठं काय, जरा घाम आला एवढंच,’’ असे त्याने सांगितले. उलट आमच्या एका सहाध्यायिनीने पट्टा सुरू होताच १७ वर बोट ठेवले आणि शेवटपर्यंत निश्चिंतपणे चालत राहिली. सरांनी दोन्ही जबान्या निर्विकारपणे वहीत उतरवून घेतल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेले परीक्षक या विषयातले अधिकारी पुरुष होते आणि देहानेही भारदस्त होते. लिफ्ट बंद, प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. खुर्चीत बसताच, शिपाईमामांनी पुढे केलेला पेला हातातच धरून, ते म्हणाले, ‘‘प्राणवायूचे...’’ आणि थांबले, ‘‘कर्ज...’’ कपाळ पुसले, ‘‘म्हणजे काय?’’ प्रश्न तीन हप्त्यांत का होईना, पूर्ण झाला. कर्जदार समोर असताना त्याच्या कर्जाची व्याख्या करणे मला शिष्टसंमत वाटेना. म्हणून त्यांची बाकी फिटेपर्यंत मी अदबीने गप्प उभा राहिलो. ‘‘येत नसेल... तर राहू द्या,’’ असे म्हणून त्यांनी पेला खाली ठेवला आणि गुणांच्या कागदावर काहीतरी खोडले.