लेबल एक, मासा दुसरा

पेडण्याच्या बाजारात शिळा बांगडा ताजा म्हणून खपवणं सोपं नाही. गिऱ्हाईक कल्ले उघडतं, पोट दाबतं, नाकाजवळ नेतं. काळुंदर तर लांबूनच ओळखतं. तेच गिऱ्हाईक काळुंदरच्याच कुळातला, म्हणजे सिक्लिड, मासा ॲक्वेरियमसाठी घ्यायला निघालं की डोळे घरी ठेवून जातं. पिशवीतला इंचभर राखाडी जीव 'ॲपिस्टो, डबल रेड' होऊन डिचोलीच्या दिवाणखान्यात पोचतो.

ॲपिस्टो म्हणजे छोट्या सिक्लिडांचा एक गट. त्यातल्या काकाटुओइडिस जातीच्या वयात आलेल्या नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उभे राहतात, शेपटीला दोन टोकं येतात. अगासिझी या दुसऱ्या जातीच्या नराची शेपटी मधोमध एकाच टोकाला निमुळती होते. हे सगळं नर मोठा झाल्यावर! पिल्लं आणि माद्या मात्र सख्ख्या बहिणींसारख्या. शिवाय दबलेला नरही मादीसारखाच दिसतो, त्यामुळे 'जोडी' म्हणून आणलेल्यांचा संसार कधीकधी मुळात सुरूच होत नाही.

एकट्या दुकानदाराला तरी काय बोलायचं? जगभर 'क्रिबेन्सिस' म्हणून विकला जातो तो सिक्लिड बहुधा पुल्कर, म्हणजे वेगळीच जात. मत्स्यशास्त्रज्ञ बुलेंजरने पुल्करचं बारसं 1901 मध्ये केलं, क्रिबेन्सिसचं 1911 मध्ये. व्यापाराने दोघांना एकाच पाटीखाली आणलं. 'जर्मन ब्लू रॅम' या सिक्लिडचं मूळ गाव तर जर्मनीत नाहीच, ओरिनोकोच्या खोऱ्यात, व्हेनेझुएला-कोलंबियाकडे.

तक्रार केलीच, तर उत्तर तयार असतं : मोठे झाले की रंग येईल. येतोही. फक्त दुसऱ्याच माशाचा.